कंपासपेटीतली पट्टी

बालमित्रांनो,

आधी एक काम करा. दप्तर जवळ ओढा, कंपासपेटी उघडा आणि तिच्यातली छोटी पट्टी बाहेर काढा. काढली? किती सेंटिमीटरची आहे बघा बरं. पंधरा! बहुतेकांची पंधराचीच निघेल. (टोक तुटलेलं असलं तरी चालेल. आमच्या वर्गातल्या निम्म्या पट्ट्या तशाच आहेत.) आता ती हातात धरूनच पुढचं वाचा. तिचं काम थोड्या वेळानं येणार आहे.

मागच्या वेळी आपण स्वयंपाकघरातली मापं शोधली होती. तुमची भरपूर पत्रं आली. कुणी आजीचं चिपटं मोजलं, कुणी चहाच्या कपात किती चमचे पाणी मावतं ते मोजलं. आज मात्र मापं घेऊन आपल्याला घराबाहेर पडायचंय. आज आपण रोज ज्याच्यावरून चालतो (किंवा चालायला हवं!) तो फुटपाथ मोजायचा आहे. त्याला शुद्ध मराठीत पदपथ म्हणतात, पण तुम्ही आणि मी फुटपाथच म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणू.

"फुटपाथमध्ये काय मोजायचंय?" असं वाटलं ना? मलाही तसंच वाटायचं. आमच्या चिमणीनं शाळेत यायचं बंद केलं, तोपर्यंत.

चिमणी आमच्या चौथीच्या वर्गात आहे. "बाई, माझं खरं नाव लिहायचं नाही हं," असं तिनं मला बजावलंय, म्हणून आपण तिला चिमणी म्हणू. शहराचं आणि रस्त्याचं नावही मी सांगत नाही. असा रस्ता तुमच्या गावात नक्की असेल, तोच डोळ्यांसमोर आणा.

तर चिमणी रोज सकाळी आजोबांचा हात धरून शाळेत यायची. बघणाऱ्याला वाटायचं, आजोबा नातीला सोडायला निघालेत. खरं म्हणजे नात आजोबांना घेऊन यायची. काचबिंदूमुळे आजोबांची नजर जवळजवळ गेलेली आहे. उजव्या हातात पांढरी काठी, डाव्या हातात चिमणीचा हात. फाटकापाशी तिला सोडलं, की आजोबा काठी टेकत टेकत एकटे घरी जायचे आणि शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा हजर. पाऊस असो, ऊन असो, मी त्यांना कधी उशिरा आलेलं पाहिलं नाही.

श्रावणात एकदा चिमणी चार दिवस आली नाही. मला वाटलं, ताप आला असेल. पाचव्या दिवशी तिची आई आली. म्हणाली, "बाई, मामंजी पडले. हिला सोडून परत येताना फुटपाथवरच्या चेंबरचं झाकण नव्हतं, त्यात पाय गेला. मनगट मोडलंय. मी सातला कामावर जाते. हिला आणणार कोण? हिचा दाखला द्या. घराच्या मागे एक शाळा आहे, तिथे घालते."

चिमणीचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. एका झाकणापायी एका मुलीची शाळा सुटणार होती! दाखल्याचा अर्ज मी हातात घेतला, पण म्हटलं, "मला आठ दिवस द्या. मग देते."

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी मुलांना विचारलं, "आपल्या रस्त्याला दोन्ही बाजूंना फुटपाथ आहे. मग तुम्ही सगळे रस्त्यावरून का येता?"

एकच गलका झाला. "बाई, तिथं गाड्या असतात!" "बाई, तो लई उंचाय!" "बाई, मध्येच खांब येतो!" "बाई, फरशी दाबली की चिखल उडतो!"

"म्हणजे नेमकं किती उंच? किती गाड्या? खांब नेमका कुठे?" या प्रश्नावर मात्र सगळे गप्प. मग मी फळ्यावर लिहिलं: आजचा तास – मोजमाप.

आता थोडी माहिती घेऊ या. फुटपाथ कसा असावा हे कुणी ठरवलेलं आहे का? हो, ठरवलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक जुनी संस्था आहे, १९३४ साली स्थापन झालेली. आपल्या देशातले रस्ते कसे बांधावेत, पूल किती रुंद असावेत, असे नियम ती तयार करते. पायी चालणाऱ्यांसाठीही तिची एक पुस्तिका आहे. तिच्या २०१२ सालच्या आवृत्तीतली तीन मापं मी फळ्यावर लिहिली:

पहिलं माप: फुटपाथच्या कडेची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर.

दुसरं माप: चालायची मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर रुंद. बाजारपेठेत त्याहून जास्त.

तिसरं माप: डोक्यावर कमीत कमी २.२ मीटर मोकळं. मध्ये फांदी नको, पाटी नको, काही नको.

पंधरा सेंटिमीटर! आलं ना लक्षात? तुमच्या हातातली पट्टी म्हणजे सरकारी इंजिनिअरच्या कामाची चीज आहे. पट्टी रस्त्यावर उभी धरायची आणि फुटपाथच्या कडेला टेकवायची. कड पट्टीच्या आत असेल तर पास, वर गेली तर नापास.

पण पंधराच का? आपल्या शाळेच्या जिन्याची पायरी मोजा. साधारण तेवढीच भरेल. माणसाचा पाय त्या उंचीला सरावलेला असतो. त्याहून उंच कड आली की गुडघे दुखणारी आजी चढायचा कंटाळा करते आणि रस्त्यावरूनच चालते. बाबागाडी ढकलणारी आई रस्त्यावरून जाते. कुबड्या घेतलेला माणूसही रस्त्यावरून जातो. म्हणजे ज्यांना फुटपाथची सगळ्यात जास्त गरज, तेच नेमके गाड्यांच्या मध्ये! आणि चाकाच्या खुर्चीला तर पंधरा सेंटिमीटरसुद्धा भिंतच असते. तिच्यासाठी उतार लागतो. तो कसा असावा? एकास बारा. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. चला, गणित सोडवा: १५ सेंटिमीटर चढायला उतार किती लांब हवा? पंधरा बारे एकशेऐंशी. म्हणजे १.८ मीटर. बरोबर आलं का? दुकानदार आपल्या स्कूटरसाठी फुटपाथला वीतभर सिमेंटचा जो लोंदा लावतात, त्यावरून खुर्ची चढणं का शक्य नाही, ते आता कळलं ना?

दुसऱ्या मापासाठी आम्ही १.८ मीटरची सुतळी कापली. सहा फुटांना जेमतेम कमी. एवढी जागा कशाला? तर समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींच्या बाजूनं जाव्यात म्हणून. किंवा आजोबांचा हात धरून चिमणी चालली असेल आणि समोरून कुणी आलं, तर दोघांपैकी कुणालाच खाली उतरावं लागू नये म्हणून. तिसऱ्या मापासाठी दोन काठ्या जोडून २.२ मीटरची एक लांब काठी केली. तिला वर्गानं 'उंटाची मान' असं नाव दिलं.

शनिवारी आमची पलटण निघाली. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली होती, चार पालक बरोबर होते. आमच्या फाटकापासून चौकापर्यंतचा फुटपाथ. गट पाडले. पट्टीवाले, सुतळीवाले, उंटाची मानवाले आणि वहीवाले. वहीवाल्यांचं काम म्हणजे जिथे नापास तिथे नंबर टाकायचा, काय अडथळा ते लिहायचं.

पट्टीवाल्यांनी दहा ठिकाणी कड मोजली. सात ठिकाणी नापास! एका ठिकाणी तर दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या तरी कड वरच. एका पालकांनी कारण सांगितलं: जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवे पेव्हर ब्लॉक बसवले, की फुटपाथ दर वेळी उंच होत जातो. सुतळीवाल्यांना विजेच्या डीपीची पेटी आडवी आली. ती अशी मधोमध बसवलेली, की दोन्ही बाजूंनी सुतळी अर्धीसुद्धा उलगडेना. उंटाची मान एका दुकानाच्या पत्र्याच्या पाटीला ठाणकन आपटली. आणि फाटकं! बंगल्याचं फाटक आलं की फुटपाथ खाली उतरतो, फाटक संपलं की वर चढतो. अकरा फाटकं, अकरा वेळा चढ-उतार. एक मुलगा म्हणाला, "बाई, हा फुटपाथ आहे का समुद्राच्या लाटा?" खरं तर गाडीनं फुटपाथ ओलांडायचा असतो, फुटपाथनं गाडीसाठी वाकायचं नसतं. फुटपाथ सरळ सपाट ठेवून कडेला गाडीपुरता उतार करता येतो. पण तसा कुठेच नव्हता.

चौकापाशी बसून मुलांनी यादी वाचून दाखवली. एक ते आठ नंबर झाले. मग वहीवाली मुलगी थांबली. बाकीचे खुसूखुसू हसायला लागले.

"वाच की गं," मी म्हटलं.

"अडथळा नंबर नऊ," ती खाली मान घालून म्हणाली, "बाईंची स्कूटर."

मुलांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? शाळेत जागा नसते म्हणून मी गेली तीन वर्षं माझी स्कूटर फाटकाशेजारी फुटपाथवर लावत होते. रोज! मला वाटायचं, भिंतीला खेटून लावलीय, कुणाला काय त्रास? सुतळी धरली तेव्हा कळलं. उरलेली जागा ८५ सेंटिमीटर. म्हणजे चिमणी आणि तिचे आजोबा रोज माझ्या स्कूटरपाशी एकामागे एक होत होते, किंवा खाली रस्त्यावर उतरत होते, आणि मी त्यांना "या आजोबा, या" म्हणून नमस्कार करत होते. मला फार लाज वाटली. त्या सोमवारपासून स्कूटर चौकापलीकडच्या पार्किंगमध्ये लावते आणि चार मिनिटं चालत येते.

पण खरा कठीण नंबर पुढे होता.

"अडथळा नंबर बारा. हारवाली."

आमच्या वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगा त्या दिवशी एकदम उठला. म्हणाला, "ती अडथळा नाहीये. ती माझी आई आहे."

कुणी काही बोलेना. मलाही पटकन काही सुचलं नाही. मग त्यानंच खाली बघत सांगितलं, "आजोबा पडले ना, तेव्हा माझ्या आईनंच उचललं त्यांना. हार टाकून धावली. रिक्षातून दवाखान्यात तीच घेऊन गेली."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या स्कूटरला कुणाला उचलून दवाखान्यात नेता येत नाही. मग ती दोघं एकाच यादीत कशी? पण सुतळी तर खोटं बोलत नाही. मावशींच्या टेबलापाशीही जागा कमी पडत होती, हेही खरं. आता काय करायचं?

"पुन्हा मोजू," तो मुलगाच म्हणाला.

आम्ही मावशींकडे गेलो. त्यांना विचारलं, मोजू का? त्या हसल्या, म्हणाल्या, "मोजा की!" फुटपाथची पूर्ण रुंदी २ मीटर ९० सेंटिमीटर. रस्त्याच्या बाजूला झाडं आणि दिव्याचे खांब यांची एक ओळ आहे, तिनं ९० सेंटिमीटर घेतले. मावशींचं टेबल भिंतीला लागून, त्यानं ७५ घेतले. मधे उरले किती? करा वजाबाकी. १ मीटर २५. नापास. पण झाडांच्या ओळीत, गुलमोहर आणि खांब यांच्या मध्ये चांगली दोन-अडीच मीटर लांब जागा रिकामीच पडलेली होती. टेबल भिंतीपासून उचलून त्या ओळीत ठेवलं तर? चालायला राहतात पुरे २ मीटर. सुतळीपेक्षा २० सेंटिमीटर जास्तच!

चांगला फुटपाथ असाच आखतात, बरं का. त्याचे तीन पट्टे असतात. भिंतीकडचा एक लहान पट्टा, दुकानापाशी थांबणाऱ्यांसाठी. रस्त्याकडचा एक पट्टा. त्यात झाडं, दिवे, बाकं, कचऱ्याच्या पेट्या, फेरीवाले. आणि मधला पट्टा फक्त चालणाऱ्यांचा. त्यात काही म्हणजे काही नाही. जशी वहीत समासाची जागा समासाला आणि लिहायची जागा लिहायला, तसंच. फेरीवाल्यांचं पोट त्यांच्या टेबलावर असतं. त्यांच्यासाठी देशात २०१४ साली कायदासुद्धा झालाय. त्यांना जागा नेमून द्यावी, नुसतं हुसकून लावू नये, असं तो सांगतो. मावशींनी टेबल हलवलं. दोन दिवसांनी म्हणाल्या, "बरं झालं. इथं सावलीसुद्धा हाय."

वहीतला 'अडथळा नंबर बारा' त्या मुलानं स्वतः खोडला. खोडरबरानं नाही, पेनानं, चांगल्या जाड रेघा मारून.

पण चिमणीचं काय? तिची शाळा तर अजून अडलेलीच होती. त्यावर तोडगा पालकांनी काढला. त्या बाजूनं येणारी सहा मुलं आहेत. रोज एका घरातलं एक मोठं माणूस निघणार, वाटेत एकेका दारातून मुलं गोळा करणार आणि सगळ्यांना चालत शाळेत आणणार. आज तुझी आई, उद्या माझे बाबा. मुलांनी तिचं नाव 'आगगाडी' ठेवलं. पाचवं स्टेशन चिमणीचं. दाखल्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात तसाच राहिला, आणि आठवा दिवस यायच्या आत चिमणी आपल्या बाकावर होती.

मनगटाला प्लॅस्टर असताना एकदा आगगाडीबरोबर आजोबाही आले. मी त्यांना वर्गात बोलावलं. ते म्हणाले, "पोरांनो, माझी काठी मला जमिनीवरचं सगळं सांगते. खड्डा सांगते, पायरी सांगते. पण वरचं तिला दिसत नाही. त्या पाटीला मी दोनदा कपाळ आपटलंय." उंटाची मान कशाला लागते ते मुलांना तेव्हा नीट कळलं. पुस्तिकेतला २.२ मीटरचा आकडा त्या कपाळासाठी होता.

मग एकानं विचारलं, "आजोबा, त्या पिवळ्या टाइल्स तुमच्यासाठी असतात ना?"

तुम्ही पाहिल्या असतील. मेट्रोच्या, रेल्वेच्या फलाटावर, काही फुटपाथांवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या असतात. त्या शोभेच्या नाहीत, ती पायांनी वाचायची लिपी आहे. लांब रेघा म्हणजे 'सरळ चालत राहा'. गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे रस्ता, जिना किंवा वळण आहे'. जपानमधल्या सेइइची मियाके या गृहस्थांनी १९६५ साली ही कल्पना काढली. त्यांच्या एका मित्राची नजर जात चालली होती, त्याच्यासाठी. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा गावात, अंध मुलांच्या शाळेजवळ, अशा फरश्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. एका मित्राची काळजी केली आणि ती जगभर पोचली!

आजोबा मात्र हसले. म्हणाले, "असतात खऱ्या. पण आपल्या रस्त्यावरची पिवळी रेघ मला थेट विजेच्या पेटीत नेऊन घालते." मुलं धावत जाऊन बघून आली. अगदी खरं होतं. ज्यानं त्या फरश्या बसवल्या, त्याला त्या कशासाठी आहेत हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

फुटपाथ ही काही आजकालची चैन नाही. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडलं गेलं. पुढे उकरून काढलं तेव्हा काय दिसलं? रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना उंच दगडी फुटपाथ. आणि रस्ता ओलांडायला मधे मोठमोठे दगड, एकमेकांपासून अशा अंतरावर, की माणसाची टांग पोचावी आणि गाड्यांची चाकं मधल्या फटीतून जावीत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी चालणाऱ्याचे पाय कोरडे राहावेत म्हणून कुणीतरी विचार केलेला होता.

आपल्याकडे तसा विचार होतच नाही असंही नाही. पुणे महानगरपालिकेनं २०१६ साली पायी चालणाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं. त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाले, बसायला बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली. कधी पुण्याला गेलात तर सुतळी घेऊन जा. २०२१ पासून तिथे ११ डिसेंबरला 'पादचारी दिन' साजरा करतात. पहिल्या वर्षी त्या दिवशी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवला होता आणि माणसं रस्त्याच्या मधून आरामात चालत होती.

इथे आईबाबांसाठी चार ओळी. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. मुलांना आपण 'रस्त्यावरून चालू नकोस' असं बजावतो, पण चालायला जागा कुठे आहे हे बघत नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि तो फुटपाथ दिव्यांग व्यक्तींनाही वापरता आला पाहिजे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहेच. म्हणजे फुटपाथ मागताना आपण कुणाची मेहरबानी मागत नसतो. आणि आपली गाडी फुटपाथवर चढवताना आपण कुणाचा तरी हक्क अडवत असतो. हे मी स्कूटरच्या अनुभवानंतर सांगते आहे, उपदेश म्हणून नव्हे.

मुलांनी शहराच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सोबत नकाशा जोडला, अडथळ्यांना नंबर दिले, प्रत्येकापुढे माप लिहिलं. महिनाभर काही झालं नाही. मुलं रोज विचारायची, "बाई, आलं का उत्तर?" मग दुसरं पत्र लिहिलं. या वेळी पालकांच्या सह्या घेतल्या, आणि तिघं पालक ते हातानं देऊन, पोच घेऊन आले. (पोच घ्यायला विसरायचं नाही. ती एक मोठी गोष्ट आहे.) पंधरा दिवसांनी एका सकाळी दोन कामगार आले आणि त्यांनी चेंबरवर नवं झाकण बसवलं. नंतर दोन ठिकाणचे उतारही नीट केले. पत्र्याची पाटी दुकानदारानं स्वतःच वर घेतली. मुलांनी जाऊन आजोबांच्या कपाळाची गोष्ट सांगितली, एवढंच.

बाकी? विजेची पेटी अजून तिथेच आहे. पिवळी रेघ अजून तिच्यातच जाते. अकरा फाटकांपैकी नऊ तशीच. वहीतले आठ नंबर अजून खोडायचे राहिलेत. तिसरं पत्र लिहून तयार आहे. चौथी पास झालेली मुलं वही पुढच्या चौथीकडे देऊन जातील, असं वर्गात ठरलंय.

प्लॅस्टर निघाल्यावर आजोबा पुन्हा चिमणीला सोडायला आले. ती म्हणाली, "आजोबा, इथे थांबा." नव्या झाकणापाशी ते थांबले. काठीनं दोनदा ठोकून पाहिलं. ठण्, ठण्. मग पाय ठेवून, जोर देऊन पाहिला. "पक्कं बसवलंय," म्हणाले आणि पुढे चालायला लागले. चिमणी फाटकात शिरली. आजोबा एकटे परत निघाले. त्या दिवशी मी ते वळणाआड जाईपर्यंत फाटकातच उभी होते.

आता तुमचं काम. एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या (एकट्यानं मुळीच जायचं नाही, आणि कड मोजताना रस्त्याकडे पाठ करायची नाही). घरापासून शाळेपर्यंतच्या फुटपाथचा एक तुकडा निवडा, शंभर पावलांचा पुरे. पट्टी, सुतळी आणि वही घ्या. तीन मापं मोजा. जिथे नापास, तिथे नंबर टाका. यादीत तुमच्या स्वतःच्या घरची गाडी निघाली तर तीही लिहा, लपवू नका. आणि यादीत एखादा माणूस निघाला, तर त्याच्याशी आधी बोला आणि मग पुन्हा मोजा.

यादी मला नक्की पाठवा. आणि हो, पट्टी परत कंपासपेटीत ठेवलीत ना? उद्या गणिताच्या तासाला लागेल!

तुमच्या,
बाई